बदलापूरच्या ताईंची सकाळ: एक दिनचर्या बसवताना

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात ताई पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आल्या. वय ४४. राहायला बदलापूर, नोकरी सीएसएमटीजवळच्या एका कार्यालयात, आठवड्याचे सहा दिवस. घरात नवरा, बारावीतली मुलगी, नववीतला मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. त्यांच्या संमतीनेच हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बसल्या बसल्या त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. मोबाईलवरचा एक व्हिडिओ बघून सकाळचं वेळापत्रक उतरवून घेतलं होतं. चार वाजता उठणे. उपाशीपोटी एक लिटर कोमट पाणी, त्यात लिंबू आणि मध. वीस मिनिटं तोंडात तेल. सर्वांगाला तेल. थंड पाण्याने अंघोळ. बारा सूर्यनमस्कार, प्राणायाम, ध्यान. दहापर्यंत काही खायचं नाही.

"डॉक्टर, यातलं माझं काय चुकलं ते सांगा," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस केलं. दहाव्या दिवशी डोंबिवली सोडल्यावर गाडीत चक्कर आली. बायकांनी बसायला जागा दिली म्हणून, नाहीतर पडलेच असते."

कागदावर अक्षर सुवाच्य होतं, प्रत्येक ओळीसमोर नऊ बरोबरच्या खुणा होत्या. ज्या बाईने इतक्या दमणुकीत नऊ दिवस एकही खूण चुकवली नाही, तिच्यात चिकाटी कमी आहे असं कुणी म्हणू नये. मी कागद बाजूला ठेवला आणि त्यांना त्यांचा रोजचा दिवस सांगायला लावला, अगदी मिनिटांसकट.

व्हिडिओच्या आधी त्या ४.४० ला उठत. उठल्या उठल्या साखरेचा, दुधाळ, मोठा कप चहा. मग कणीक, पोळ्या, भाजी, चार डबे. पाच ते पावणेसहा सोसायटीचं पाणी येतं, त्यामुळे मध्येच पिंप, कळशा. अंघोळ, देवापुढे दिवा, ६.२५ ला रिक्षा आणि सातच्या आतली लोकल. शौचाला घरी होतच नसे. कळ यायची ती गाडीत, अंबरनाथ-उल्हासनगरच्या आसपास, आणि दाबून धरायची थेट कार्यालयापर्यंत. तिथे पोचेपर्यंत ती निघून गेलेली असायची. मग दोन-तीन दिवसांनी एकदा, कुंथून. दिवसभरात पाच चहा. जेवण दुपारी दीडला. परतीच्या वाटेवर कल्याणला वडापाव, कारण भूक पोटात खड्डा पाडते. घरी पावणेआठ. सगळ्यांचं आवरून रात्रीचं जेवण दहाला, ओटा पुसून पडायला पावणेबारा, आणि "मग जरा मोबाईल, तेवढाच माझा वेळ" असं करत सव्वाबारा.

म्हणजे झोप साडेचार तासांहून कमी. व्हिडिओ बघून गजर चारवर नेला तेव्हा ती पावणेचार तासांवर आली. त्यावर एक लिटर पाणी, सूर्यनमस्कार आणि दहापर्यंत उपास. चक्कर यायला आणखी काय हवं?

तपासताना मात्र मला दुसरीच काळजी वाटली. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आत फिकट. नखं पातळ. रेल्वेचा पूल चढताना धाप लागते का विचारलं, तर म्हणाल्या, "ती तर सगळ्यांनाच लागते ना?" पाळीबद्दल विचारल्यावर त्या थोडं थांबल्या. आठ महिन्यांपासून आठ-नऊ दिवस जात होतं, गाठी पडत होत्या. "वय झालं, आता असंच असतं" असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ९.४. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बराच खाली. थायरॉइड आणि साखर ठीक. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरतात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, सोनोग्राफीत गर्भाशयात एक लहान फायब्रॉइड, म्हणजे साधी गाठ, दिसला. रक्तस्राव आटोक्यात आणायचं औषध आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पुढची सोनोग्राफी मार्चमध्ये करायची ठरली.

दिनचर्येच्या गोष्टीत हे सगळं कशाला, असं कुणाला वाटेल. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अष्टांगहृदय हा वाग्भटांचा आयुर्वेदावरचा जुना ग्रंथ, त्याच्या सूत्रस्थान या भागातला दुसरा अध्याय दिनचर्येचा. त्या अध्यायाची पहिली ओळ सगळ्यांना पाठ असते, ब्राह्म मुहूर्तावर उठावं. पण त्याच ओळीत कोणी उठावं तेही वाग्भटांनी सांगितलं आहे: 'स्वस्थः'. निरोगी माणसाने, आयुष्याच्या रक्षणासाठी. तो एक शब्द व्हिडिओत गळून जातो, आणि मग रक्तक्षय झालेली, झोपेला मुकलेली बाई चारचा गजर लावून स्वतःलाच दोष देत बसते. याच अध्यायात पुढे पावलोपावली 'कोणी करू नये' ची यादी आहे. दंतधावन सांगितलं, लगेच अजीर्ण, ताप, खोकला, तोंड आलेलं असताना करू नये असंही सांगितलं. अभ्यंग सांगितला, लगेच कफाने ग्रासलेल्याने आणि अजीर्ण असणाऱ्याने टाळावा. व्यायाम सांगितला, तोही अर्ध्या शक्तीनेच.

ताईंच्या कागदातल्या मधाचंही तसंच. मध आणि उष्णता यांचा मेळ आपल्या शास्त्रात स्पष्ट निषिद्ध आहे, कडक पाण्यात तो घालूच नये. आणि लिटरभर पाणी? सकाळी भरपूर पाणी पिण्याचा, आठ प्रसृतींचा (प्रसृती म्हणजे पसाभर) उल्लेख भावप्रकाश या ग्रंथात येतो. पण ज्याचा अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद आहे त्याने पाणी थोडंच प्यावं, हे वाग्भटांनी सांगून ठेवलं आहे. ताईंची जीभ पांढऱ्या थराने झाकलेली, सकाळी पोट जड, छातीत जळजळ. त्यांना लिटरभर पाणी मानवणार नव्हतंच.

मी त्यांना पहिल्या भेटीत चार गोष्टी सांगितल्या. गजर पुन्हा ४.४० वर न्या. कागदावरचं सगळं बंद. लोहाची गोळी चुकवायची नाही. आणि सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातच, अर्धा मिनिट स्वतःला विचारायचं: कालचं जेवण पचलं का? पोट हलकं की जड, ढेकर कसली येते, उत्साह आहे का. अष्टांगसंग्रह या दुसऱ्या आयुर्वेदग्रंथात उठतानाची पहिली कृती हीच आहे, जीर्ण-अजीर्ण पाहणं. तिला वेळ लागत नाही, पैसा लागत नाही, आणि मला तरी ती सगळ्या दिनचर्येची किल्ली वाटते. ताईंनी कॅलेंडरच्या चौकोनात रोज 'ह' किंवा 'ज' लिहायचं ठरवलं.

"बस एवढंच?" त्यांचा चेहरा उतरला होता.

पंधरा दिवसांनी कॅलेंडरचं पान घेऊन आल्या. पंधरापैकी बारा 'ज'. तीन 'ह' होते ते दोन रविवारचे आणि एका चतुर्थीचा, त्या रात्री मुलांसाठी मोदक करून स्वतः लवकर जेवल्या होत्या. मला काही समजावून सांगावं लागलंच नाही. त्याच म्हणाल्या, "म्हणजे माझी सकाळ रात्रीच बिघडते."

इथून खरं काम सुरू झालं, आणि ते एकट्या ताईंचं नव्हतं. मी त्यांच्या यजमानांना आणि सासूबाईंना एकदा सोबत बोलावलं. घरातल्या एका व्यक्तीच्या सकाळवर जर पाच जणांचे डबे, पाणी आणि चहा उभे असतील, तर तिच्या दिनचर्येची चिकित्सा तिच्या एकटीवर कशी करायची? दवाखान्यात येणाऱ्या बायकांना आपण तेल लावा, ध्यान करा, सूर्यनमस्कार घाला सांगतो. त्या वेळात पोळ्या कोण लाटणार, हे कुणी विचारत नाही. मी विचारलं. यजमान गप्प होते, रागावलेले मात्र नव्हते. सासूबाईच आधी बोलल्या: "माझ्या सासरी मी पहाटे चारला उठायची, पण आम्ही सात वाजता जेवून आठला निजायचो गं. हिचं तसं कुठं आहे?"

सासूबाईंचा हा हिशोब कुणी मांडत नाही. रात्रीचे पंधरा मुहूर्त धरले तर चौदावा तो ब्राह्म मुहूर्त. मुहूर्त ढोबळमानाने ४८ मिनिटांचा, म्हणजे सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी तो सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. सप्टेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य साधारण साडेसहाला उगवतो, तेव्हा ब्राह्म मुहूर्त ४.५५ ते ५.४० च्या आसपास. जानेवारीत सूर्योदय सव्वासातकडे सरकतो, तेव्हा तो ५.३५ नंतर लागतो. 'चार वाजता' हा आकडा ग्रंथात नाही. जी वेळ आहे ती सूर्याला बांधलेली आहे, आणि दिवे मालवून लवकर निजणाऱ्या घरासाठी सांगितलेली आहे.

घरात वाटणी झाली ती अशी. पाणी भरणं यजमानांकडे. मुलगा कुकर लावेल आणि स्वतःचा व बहिणीचा डबा स्वतः भरेल. सासूबाई रात्रीची कोशिंबीर आणि भाताचं बघतील. भाजी चिरणं रात्रीच. चिरलेली भाजी रात्रभर ठेवू नये असं मला शिकवलं गेलं आहे आणि ते मी मानते. पण एका बाजूला ताजी चिरलेली भाजी आणि दुसऱ्या बाजूला अर्धा तास झोप, असं समोर आलं तर आजच्या घडीला ताईंसाठी मी झोपेच्या बाजूने आहे. आहार आणि निद्रा हे दोन्ही शरीराचे उपस्तंभ. एक खांब पोखरून दुसरा रंगवण्यात अर्थ नाही.

कल्याणचा वडापाव लगेच सोडायला सांगितला नाही. आधी डब्यात चणे-फुटाणे आणि गूळ ठेवला, साडेपाचला कार्यालयातून निघताना खायला. आठवड्यातून सहा वडापाव होते ते चारवर आले, मग दोनवर. भूक खवळलेली नसल्यामुळे घरी आल्यावर 'आधी सगळ्यांचं' करण्याचा धीर राहिला, आणि सासूबाईंनी भात-आमटी तयार ठेवल्यामुळे जेवण दहावरून पावणेनऊवर आलं. हे व्हायला पाच आठवडे लागले. पाच आठवडे सकाळसाठी वेगळं असं काहीच केलं नाही.

हळूहळू जाण्याची ही रीत माझी नाही. अहितकर सवय सोडायची तर चौथ्या हिश्शाने, किंवा त्याच्याही चौथ्या हिश्शाने सोडावी, आणि हितकर गोष्ट त्याच मापाने, एक-दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवत अंगवळणी पाडावी, असा पादांशिक क्रम वाग्भटांनी सांगितला आहे. क्रमाक्रमाने कमी केलेले दोष परत येत नाहीत आणि क्रमाक्रमाने वाढवलेले गुण हलत नाहीत, असं चरकांचं म्हणणं. वाग्भटांनी जिथे दिवस सांगितले तिथे मी आठवडे घेतले, कारण ताईंचा आठवडा म्हणजे सहा दिवस लोकल आणि एक दिवस साठलेलं घरकाम.

चहावर हा क्रम कसा चालवला ते सांगते, कारण चहा सोडा म्हटलं की माणसं दवाखानाच सोडतात. पाचपैकी पहिला गेला तो दुपारचा, कारण लोहाची गोळी त्याच वेळेला आली होती. चहाने लोहाचं शोषण कमी होतं, म्हणून गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नाही. कारण पटलं, सुटला. मग कार्यालयातला अकराचा अर्धा कप झाला. सकाळचा पहिला चहा मी बंद केलाच नाही. तो फक्त पुढे सरकवला, आधी दहा मिनिटं, मग पंचवीस, मग नाश्त्याबरोबर. दहाव्या आठवड्यात दिवसाला दोन चहा होते आणि उपाशीपोटी एकही नव्हता. जळजळीच्या गोळ्या आठवड्याला चार-पाच लागायच्या, त्या तेव्हाच कमी व्हायला लागल्या.

आता शौचाचं. याबद्दल लिहायला लोक संकोचतात, पण माझ्या अनुभवात मुंबईच्या लोकलने घडवलेला हा आजार आहे. कळ आलेली असताना ती दाबणं म्हणजे वेगधारण. तेरा वेग धारण करू नयेत असं शास्त्र सांगतं, त्यात मलमूत्राइतकीच भूक, तहान आणि झोपही आहे. ताईंचे दिवसात निदान चार वेग रोज दाबले जात होते. कळ गाडीत येते याचा अर्थ आतडी काम करतात, फक्त चाळीस मिनिटं उशिरा. ती घरी आणायची होती. सकाळी उठल्यानंतर आतड्यांची हालचाल वाढते, आणि पोटात काही गेलं की मोठं आतडं आणखी जागं होतं. म्हणून उठल्यावर एक पेला कोमट पाणी, बसून, घोट घोट. रात्री भिजवलेल्या दहा-बारा काळ्या मनुका. आणि पाण्यानंतर पंधरा मिनिटांनी, कळ असो नसो, दहा मिनिटं शौचालयात बसायचं. मोबाईल बाहेर. जोर लावायचा नाही, वेग बळेच आणू नये हेही त्याच शास्त्रात आहे. कमोड आहे, म्हणून पायाखाली लाकडी पाट ठेवायला सांगितला, उकिडवं बसल्यासारखं होतं.

पहिले अकरा दिवस काही नाही. बाराव्या दिवशी त्यांनी मला फक्त एक शब्द पाठवला: "झालं." मला खरंच डोळ्यात पाणी आलं. गाडीत घाम फुटलेला, पोट आवळून उभी असलेली बाई ज्याने पाहिली आहे त्याला यातलं सुख कळेल.

रविवारीही तीच वेळ, हे मात्र मी हट्टाने पाळायला लावलं. रविवारी आठला उठलं की सोमवारी आतडी आणि झोप दोन्ही वाट चुकतात. शरीरातल्या पेशी स्वतःचं घड्याळ कसं चालवतात हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचं वैद्यकातलं नोबेल मिळालं. ते घड्याळ रोजच्या उजेडाने लावलं जातं, सुट्टी ते ओळखत नाही. रविवारी झोप हवीच असेल तर दुपारी जेवणाआधी थोडी. जागरण झालंच तर वाग्भटांची सोय आहे: जितकं जागरण झालं त्याच्या निम्मं, सकाळी, काही न खाता झोपावं. डिसेंबरमधल्या भाचीच्या लग्नात ती उपयोगी पडली.

तेलाबद्दल ताईंना फार उत्सुकता होती, आणि इथे सासूबाई कामाला आल्या. आपल्याकडे वर्षातून एकदा का होईना, प्रत्येक घरात दिनचर्या जशीच्या तशी पाळली जाते. नरकचतुर्दशीला सूर्योदयाआधी उठणं, तेल, उटणं, ऊन पाणी. ते अभ्यंगस्नान रोज व्हावं असं शास्त्राचं म्हणणं, आणि रोज जमत नसेल तर निदान डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष करून, असं मी त्या ओळीतून काढते. ताईंच्या सकाळीत तेलाला जागा नव्हती. घाईत, ओल्या फरशीवर, तेलाच्या पायांनी कुणी पडलं तर माकडहाडाला कायमचं दुखणं लागतं, मी तशा दोघी पाहिल्या आहेत. म्हणून तेल रात्रीवर नेलं. सासूबाईंनी माळ्यावरच्या डब्यातून काशाची वाटी काढली. झोपण्याआधी तळपायाला तिळाचं तेल लावून पाच मिनिटं वाटी फिरवायची. पहिले काही दिवस सासूबाईंनी सुनेच्या पायाला लावलं. ताईंना ते फार अवघड गेलं, पाय मागे घ्यायच्या. मग एक दिवस सून सासूच्या पायांशी बसली, आणि तेव्हापासून आलटून पालटून चालतं. ही पाच मिनिटं आली आणि "तेवढाच माझा वेळ" म्हणून चालणारा मोबाईल आपोआप मागे पडला. साडेदहाला दिवा बंद व्हायला लागला. संपूर्ण अभ्यंग रविवारी, तोही पोट 'ह' असेल तरच.

सासूबाईंनी हळिवाच्या लाडवांचंही सुचवलं होतं. हळिवात लोह भरपूर, त्यांचं चुकलं नव्हतं. पण हळीव उष्ण, आणि अंगावरून जाणं थांबलेलं नव्हतं, म्हणून मी ते पुढे ढकलले. त्याऐवजी सव्वासहाला निघण्याआधी कधी नाचणीची उकड, कधी लिंबू पिळलेले पोहे, कधी भाजणीचं छोटं थालीपीठ. लिंबाने धान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते.

दातांसाठी ब्रश होताच, त्यात जीभ घासायची तांब्याची पट्टी आली, एवढंच. वीस मिनिटांच्या तेलाची गरज त्यांना नव्हती. अंघोळ कोमट पाण्याने, डोक्यावरून मात्र कढत पाणी नाही.

व्यायाम सगळ्यात शेवटी, हिमोग्लोबिन अकराच्या जवळ आल्यावर. तोवर मी त्यांना एकही सूर्यनमस्कार घालू दिला नाही. सुरुवात केली ती रिक्षा सोडून. घर ते स्टेशन अठरा मिनिटांचं चालणं. अर्धशक्तीची खूण सुश्रुतांनी सांगितली आहे ती साधी आहे: नाकाने चालणारा श्वास तोंडाने घ्यावासा वाटला, की थांबायचं. ताईंना ती पुलाच्या अर्ध्या पायऱ्यांवर जाणवे. तिथे त्या कठड्याला धरून दहा श्वास थांबत. जानेवारीअखेरीस पूर्ण पूल एका दमात व्हायला लागला. थंडीत निघताना अंधार असायचा, म्हणून उजेडाचा भाग सीएसएमटीपासून कार्यालयापर्यंतच्या चालण्यात घेतला, भुयारी मार्गातून न जाता उघड्या रस्त्याने.

सगळं सरळ झालं असं नाही. दिवाळीच्या आठवड्यात फराळ, पाहुणे, रात्रीचे बारा, आणि कॅलेंडरवर सलग नऊ 'ज'. डिसेंबरातल्या लग्नानंतर तर अकरा दिवस काहीच पाळलं गेलं नाही, शौच पुन्हा गाडीत अडकलं, आणि ताई रडवेल्या होऊन आल्या: "सगळं पहिल्यापासून करावं लागणार ना?" मी त्यांना फक्त दोन गोष्टी परत धरायला सांगितल्या, रात्रीचं जेवण आणि सकाळचं पाणी-बसणं. बाकीचं सोडून द्यायला सांगितलं. सहाव्या दिवशी गाडी रुळावर आली, आणि मग चालणं, तेल त्यांनी स्वतःहून घेतलं. आधी जे क्रमाने बसलं होतं ते मुळापासून गेलेलं नव्हतं. यजमानांचाही एक आठवडा पाणी भरण्यावरून खटका उडाला होता. तो घरातला विषय, पण त्या आठवड्यात झोप अर्ध्या तासाने घटली, हे कॅलेंडरवर दिसतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली स्थिती अशी. हिमोग्लोबिन ११.८. हे श्रेय लोहाच्या गोळ्यांचं आणि रक्तस्राव आटोक्यात आणणाऱ्या औषधाचं आहे, दिनचर्येचं नाही. चहा बाजूला झाल्याने मदत झाली असेल, तेवढीच. पाळी आता पाच दिवस. शौच सहापैकी पाच कामाच्या दिवशी घरी. जळजळीची गोळी महिन्यात दोनदा. झोप साडेसहा तास. आणि उठण्याची वेळ ५.१०.

म्हणजे आधीपेक्षा अर्धा तास उशिरा. पाच महिने आयुर्वेदिक दिनचर्येवर काम करून त्यांची उठण्याची वेळ पुढे गेली. त्यांच्या मैत्रिणींना हे पटत नाही, असं त्या सांगत होत्या. मी त्यांना पंचांग उघडून दाखवलं: जानेवारीच्या अखेरीस ५.१० ला उठणारी बाई ब्राह्म मुहूर्ताच्याही आधीच उठलेली आहे.

गेल्या भेटीत त्यांनी एक विचारलं. मुलीची बारावीची परीक्षा आहे, ती पहाटे चारला उठून वाचते. "मी उठू का तिच्याबरोबर? तिला दूध-बीध करून द्यायला?" आईचं मन, मला ते समजतं. मी मुलीला काय वाटतं विचारायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला. मुलगी म्हणाली, आईने उठू नये, मला झोप येईल असं तिला वाटतं, म्हणून आई उठली की बोलत बसते. थर्मासमध्ये दूध रात्री बाबा भरून ठेवतात.

सोनोग्राफी मार्चमध्ये आहे. उन्हाळा लागला की चालणं तेवढंच ठेवून वेग कमी करायचा, सूर्यनमस्कार घातलेच तर सहावर थांबायचं, आणि हळिवाच्या लाडवांचा विषय पुढच्या थंडीत, पाळी अशीच राहिली तर, पुन्हा काढायचा असं सासूबाईंशी ठरलं आहे.